मुलींच्या खेळातला तो एकटा मुलगा

रविवारी सकाळी कुठल्याही स्विमिंग पूलवर जाऊन बघा. घरातलं एक मूल पाण्यात असतं आणि दुसरं काठावरच्या बाकावर. बाकावरच्या मुलाच्या मांडीवर टॉवेलची पिशवी, हातात चिप्सचं पाकीट आणि चेहऱ्यावर कंटाळा. "ताईचा क्लास संपेपर्यंत इथेच बस, कुठे जाऊ नकोस," असं सांगून आई भाजी आणायला गेलेली असते.

१९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, सिराक्यूज शहराच्या परिसरात एका दहा वर्षांच्या मुलावर हीच वेळ आली होती. गगनचुंबी इमारतींचं न्यूयॉर्क ते हे नव्हे. सिराक्यूज म्हणजे त्याच राज्यातलं, पण भरपूर बर्फ पडणारं एक मध्यम आकाराचं गाव. हा मुलगा आणि त्याची बहीण पोहायला शिकत होते. बहिणीने तिथल्याच सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या क्लासला नाव घातलं. आता तिचं होईपर्यंत याने काय करायचं? बाकावर बसून राहण्यापेक्षा तो सरळ पाण्यात उतरला. कुणी त्याला अडवलं नाही.

त्या मुलाचं नाव बिल मे. (आडनाव 'मे' असल्यामुळे मराठीत त्याच्यावर लिहिणं म्हणजे गंमतच आहे. दर वाक्यात तो मे महिना वाटायला लागतो. म्हणून या लेखात आपण त्याला नुसतं बिल म्हणू या.) पुढची तीस-पस्तीस वर्षं तो या खेळात राहिला. अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला, जगज्जेता झाला. ऑलिम्पिकला मात्र तो गेला नाही. आधी जाऊ दिलं नाही आणि नंतर दार उघडलं तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

ही गोष्ट वाचताना मला सारखा माझा धाकटा भाऊ आठवत होता. माझ्या कथकच्या क्लासबाहेर पायऱ्यांवर तो तासन्‌तास बसायचा. माझे सगळे तोडे त्याला तोंडपाठ होते. घरी परतताना रिक्षात मी चुकले की तोच मला पुढचे बोल सांगायचा. त्याला "तूही आत ये ना" असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली

सिंक्रोनाइज्ड स्विमिंग आपण टीव्हीवर ऑलिम्पिकच्या दिवसांतच काय ते बघतो. चमचमते पोशाख, लालचुटुक ओठ, पाण्याबाहेर एकाच वेळी आलेले आठ जणींचे पाय. बघताना वाटतं, किती छान, किती सोपं! घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "हा काय खेळ आहे? हा तर नाच झाला."

तर आधी हा नाच काय असतो ते बघू या. नियमाप्रमाणे पूर्ण सादरीकरणात तळाला पाय टेकवायचा नाही. एक मुलगी दुसरीच्या खांद्यावरून हवेत उसळी मारते, तेव्हा खालच्या मुलींच्या पायाखाली जमीन नसते, फक्त पाणी असतं. कमरेपर्यंत पाण्याबाहेर राहून हात मोकळे ठेवायचे असतील तर पाय सतत आळीपाळीने गोल फिरवावे लागतात. अंडी फेटायच्या यंत्राची दोन पाती जशी उलटसुलट फिरतात तसे, म्हणून त्याला नावच 'एगबीटर' पडलं आहे. डोकं खाली आणि पाय वर असतात तेव्हा काम हातांचं. तळवे पाण्यात सतत आडवे फिरवत राहायचं, तेव्हा कुठे शरीर त्या जागी टिकतं.

नाकात पाणी जाऊ नये म्हणून क्लिप लावतात. केस विस्कटू नयेत म्हणून त्यावर जिलेटिन चोपडतात. हो, तेच जेली करायचं जिलेटिन! गरम पाण्यात विरघळवून ब्रशने केसांवर लावलं की वाळल्यावर त्याचं टणक कवच होतं. थंड पाण्यात ते उतरत नाही. स्पर्धेनंतर मात्र गरम पाण्याखाली बराच वेळ उभं राहावं लागतं. संगीत ऐकू यावं म्हणून पाण्याखाली स्पीकर लावलेले असतात, पण खरा आधार असतो मोजण्याचा. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. कथक शिकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

आणि श्वास? प्रकाराप्रमाणे दोन ते साडेतीन मिनिटांच्या सादरीकरणात बराच वेळ डोकं पाण्याखाली असतं, तेही निवांत नव्हे, जोरात व्यायाम करत. २०२२ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ आपलं एकेरी सादरीकरण संपवता संपवता बेशुद्ध पडली आणि तळाकडे बुडू लागली. तिची कोच आंद्रेआ फुएन्तेस अंगावरच्या टी-शर्ट आणि शॉर्ट्ससकट पाण्यात झेपावली आणि तिला वर घेऊन आली. पाण्याखालून टिपलेले ते फोटो जगभर फिरले. अनिता त्यातून बरी झाली आणि पुढेही खेळत राहिली. या दोघींची नावं लक्षात ठेवा, बिलच्या गोष्टीत त्या पुन्हा येणार आहेत.

मुलग्यांना यात एक वेगळी अडचण असते. पुरुषाच्या शरीरात स्नायू जास्त आणि चरबी कमी, त्यामुळे पाय पाण्यात लवकर खाली जातात. लवचिकताही सहसा कमी असते. म्हणजे मुलींना जे पाणी थोडंफार तोलून धरतं, ते मुलाला खाली ओढत असतं. बिलने ताणाचे व्यायाम करून करून मुलींच्या तोडीची लवचिकता कमावली, पण ती कमवावी लागली.

साताऱ्याहून मुंबईला नव्हे, देशाच्या दुसऱ्या टोकाला

सोळा-सतराव्या वर्षी, आपल्याकडे मुलं बारावीच्या क्लासेसमध्ये बुडालेली असतात त्या वयात, बिल घर सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे गेला. तिथला क्लब या खेळातला अमेरिकेतला नावाजलेला क्लब. नाव होतं 'सांता क्लारा अ‍ॅक्वामेड्स'. म्हणजे साधारण 'जलकन्या'. त्या जलकन्यांत एक मुलगा! क्रिस कार्व्हर या तिथल्या प्रसिद्ध कोच. त्यांनी त्याला घेतलं.

मला इथे त्याच्या आईवडिलांचं जास्त कौतुक वाटतं. मुलाला क्रिकेट अ‍ॅकॅडमीत पाठवण्यासाठी घर गहाण टाकणारे पालक आपण बघितले आहेत, त्यांच्या मुलाखतीही वाचल्या आहेत. पण ज्या खेळात मुलाला पुढे ऑलिम्पिकच नाही, चारचौघांत ज्याचं नाव घेतलं की समोरचा हसू दाबतो, त्या खेळासाठी मुलाला इतक्या लांब पाठवणं? आमच्या घरी तर तो प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही.

बिलने तिथे मेहनत घेतली आणि तो जिंकत गेला. १९९८ साली क्रिस्टिना लम हिच्याबरोबर त्याने अमेरिकेचं राष्ट्रीय दुहेरी विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये गुडविल गेम्स झाले. तिथे मिश्र जोडीला परवानगी होती आणि या दोघांनी रौप्यपदक मिळवलं. १९९८ आणि १९९९ अशी दोन वर्षं अमेरिकेच्या या खेळाच्या संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. म्हणजे मुलींच्या म्हणवल्या जाणाऱ्या खेळात, मुलींबरोबर, मुलींना मोजतात त्याच फूटपट्टीने मोजून.

आणि मग आलं सिडनी. २००० सालचं ऑलिम्पिक. क्रिस्टिना अमेरिकेच्या संघातून सिडनीला गेली. तिचा जोडीदार गेला नाही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ फक्त महिलांसाठी होता आणि जागतिक स्पर्धेतही तेच.

चार वर्षांनी अथेन्स. पुन्हा तेच. अमेरिकेने तिथे दुहेरीत आणि सांघिक प्रकारात कांस्यपदकं जिंकली. त्यातल्या मुलींबरोबर बिल रोज त्याच पाण्यात उतरत होता. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, म्हणजे खेळाडू म्हणून ऐन भरात. २००४ सालीच त्याने स्पर्धा सोडल्या.

हा खेळ बायकांचा झाला कसा?

गंमत अशी की सुरुवातीला असं काही नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात पाण्यातल्या अशा कसरतींच्या स्पर्धा होऊ लागल्या तेव्हा त्यात पुरुषही असत. पुढे ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू अ‍ॅनेट केलरमन हिने १९०७ साली न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम थिएटरात काचेच्या टाकीत पाण्यातला बॅले करून दाखवला आणि लोक वेडे झाले. शिकागोत कॅथरिन कर्टिस यांनी पोहणं आणि संगीत यांची सांगड घातली. १९३३-३४ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या विद्यार्थिनींचे कार्यक्रम झाले आणि निवेदकाच्या तोंडून 'सिंक्रोनाइज्ड स्विमिंग' हे नाव रूढ झालं. त्यानंतर आली हॉलिवूडची एस्थर विल्यम्स. १९४० आणि ५० च्या दशकांत तिचे रंगीत 'पाण्यातले' सिनेमे इतके चालले की हा प्रकार म्हणजे सुंदर बायका, फुलांच्या टोप्या आणि कारंजी हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

१९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो महिलांचा म्हणूनच. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी तेव्हा खेळ कमी होते. महिलांची मॅरेथॉनदेखील त्याच वर्षी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली. अशा वेळी स्वतःचा म्हणून मिळालेला एक खेळ बायकांनी जपावा यात चूक काय? बिलला बाहेर ठेवणारे सगळेच दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. पण दहा वर्षांच्या मुलाने या खेळावर जीव लावावा, इतकी वर्षं त्यात घालवावीत आणि त्याला सांगावं की तू उत्तम आहेस, पण तू मुलगा आहेस, हेही कुठे बरोबर आहे?

आपल्या मुलींना हे वाक्य उलट्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं आहे. कदाचित म्हणूनच ते मला लगेच ओळखू आलं.

जाता जाता, हा खेळ भारतात झालाच नाही असं नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तो होता आणि भारताच्या मुलीही त्यात उतरल्या होत्या. त्याची आठवण किती जणांना आहे कोण जाणे.

रात्री दोन खेळ, वर्षानुवर्षं

ऑलिम्पिक नाही, जागतिक स्पर्धा नाही. मग पंचविशीतल्या माणसाने पोट कसं भरायचं? बिल लास वेगासला गेला आणि सर्क द्यू सोलेई या जगप्रसिद्ध सर्कस कंपनीच्या 'ओ' नावाच्या कार्यक्रमात पोहू लागला. बेलाजिओ हॉटेलमध्ये खास बांधलेल्या थिएटरात हा कार्यक्रम होतो. तिथलं स्टेज म्हणजे सुमारे ५७ लाख लिटर पाण्याचा हौद. तळ यंत्राने वर-खाली होतो. आता जिथे कलाकार चालत होता, तिथे क्षणात दुसरा उंचावरून सूर मारतो. समोर साधारण अठराशे प्रेक्षक, आणि एका रात्रीत दोन शो.

हे आयुष्य वाईट नव्हतं. पगार होता, टाळ्या होत्या, रोज पाणी होतं. एका अर्थाने त्याचं वेडच त्याची नोकरी झालं होतं. कितीतरी खेळाडूंना निवृत्तीनंतर तेवढंही मिळत नाही. क्रिस्टिना लमही पुढे याच कार्यक्रमात आली. सिडनीला गेलेली आणि न गेलेला, दोघं पुन्हा एकाच पाण्यात.

इथे गोष्ट संपली असती. बऱ्याच जणांची अशीच संपते.

कझान, २०१५

नोव्हेंबर २०१४ मध्ये दोहा इथे जागतिक जलतरण महासंघाची खास सभा झाली आणि तिने ठरवलं की पुढच्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरी हा प्रकार असेल. एक स्त्री, एक पुरुष. स्पर्धा होती जुलै २०१५ मध्ये, रशियातल्या कझान शहरात. तयारीला जेमतेम आठ महिने.

बिल तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. स्पर्धा सोडून दहा वर्षं झाली होती. तो परत आला.

मिश्र दुहेरीचे दोन प्रकार होते. पहिल्यात, तांत्रिक प्रकारात, ठरवून दिलेल्या हालचाली सगळ्यांनी करायच्या असतात. त्यात त्याची जोडीदार होती क्रिस्टिना जोन्स, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघात असलेली. दुसरा मुक्त प्रकार. त्यात जोडीदार कोण? क्रिस्टिना लम, आता लग्नानंतर क्रिस्टिना लम अंडरवूड. सतरा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला ज्या दोघांनी रौप्यपदक घेतलं होतं, तेच दोघं.

स्पर्धा रशियाच्या अंगणात होती आणि या खेळात रशियाची सत्ता किती मोठी! २००० सालापासून ऑलिम्पिकचं प्रत्येक सुवर्णपदक त्यांनी नेलं होतं. पुरुषांना प्रवेश देण्याला सर्वांत जास्त विरोधही तिथेच होता. हा निव्वळ स्त्रियांचा खेळ राहावा, असं रशियाच्या तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनीही जाहीरपणे म्हटलं होतं. पण नियम झाल्यावर रशियाने एक तरुण जोडी तयार केलीच, दारिना वालितोवा आणि अलेक्झांडर माल्त्सेव्ह.

तांत्रिक प्रकारात बिल आणि क्रिस्टिना जोन्स यांनी त्या जोडीला हरवलं. फरक किती होता? एका गुणाच्या पाव भागाहूनही कमी. मिश्र दुहेरीतलं जगातलं पहिलंवहिलं सुवर्णपदक छत्तीस वर्षांच्या बिलच्या गळ्यात पडलं. मुक्त प्रकारात रशियाने उट्टं काढलं आणि बिल व लम यांना रौप्य मिळालं. पुन्हा रौप्य. पण १९९८ साली ते रौप्य घेऊन पुढे जायला वाट नव्हती. या वेळी ते जागतिक स्पर्धेतलं होतं.

या स्पर्धेचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, जरूर बघा. एक पुरुष आणि एक स्त्री पाण्यात असले की खेळाचा पोतच बदलतो. आठ सारख्या मुलींत सगळं सौंदर्य एकसारखेपणाचं असतं. इथे दोन वेगळी शरीरं एकमेकांना उत्तर देत असतात. २०१७ साली बुडापेस्टला इटलीच्या जोडीने समुद्र ओलांडणाऱ्या निर्वासितांवर बसवलेल्या सादरीकरणाला सुवर्ण मिळालं. हौदात पोहणारे दोन जण तेवढं मोठं दुःख दाखवू शकतात हे बघून मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसले होते. त्याच स्पर्धेत बिलने कानाको स्पेंडलव्ह हिच्याबरोबर दोन्ही प्रकारांत कांस्य मिळवलं. ती मूळची जपानची, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये जपानच्या रौप्यविजेत्या संघात होती. त्याच वर्षी महासंघाने खेळाचं नावही बदलून 'आर्टिस्टिक स्विमिंग' केलं.

दार उघडलं, पण...

मिश्र दुहेरी जागतिक स्पर्धेत आली तरी ऑलिम्पिकमध्ये आली नाही. ऑलिम्पिकमध्ये महिलांची दुहेरी आणि आठ जणींचा संघ, एवढंच राहिलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये बातमी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून आठ जणांच्या संघात जास्तीत जास्त दोन पुरुष घेता येतील.

जास्तीत जास्त दोन. घ्यायलाच हवेत असं नाही. या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

बिल तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. तो पुन्हा उठला आणि अमेरिकेच्या संघात आला. त्यातल्या काही मुली तर तो २००४ साली निवृत्त झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. संघाची कोच तीच, आंद्रेआ फुएन्तेस. सोबत अनिता अल्वारेझही होती. २०२३ च्या जुलैत जपानमधल्या फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने अ‍ॅक्रोबॅटिक सांघिक प्रकारात रौप्य मिळवलं, त्या संघात चव्वेचाळीस वर्षांचा बिल होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेतून अमेरिकेचा संघ ऑलिम्पिकला पात्र ठरला. २००८ नंतर पहिल्यांदाच! त्या पथकातही बिल होता. ज्या शहरातल्या सभेने त्याच्यासाठी पहिलं दार उघडलं होतं, तिथूनच आता पॅरिसचा रस्ता निघत होता.

जून २०२४ मध्ये अमेरिकेने पॅरिससाठी संघ जाहीर केला. आठ जणी आणि एक राखीव. बिलचं नाव नव्हतं.

पॅरिसला शेवटी कुठल्याच देशाच्या संघात एकही पुरुष नव्हता. इटलीचा जोर्जिओ मिनिसिनी, जो निर्वासितांवरच्या त्या सुवर्णविजेत्या जोडीत होता, तोही नाही.

हे वाचल्यावर माझा पहिला प्रश्न होता, कोण वाईट वागलं इथे? पण थोडं खोलात गेल्यावर तसं सरळ उत्तर मिळेना. २०२३ पासून या खेळात गुण द्यायची पद्धत बदलली आहे. संघाला आधीच कागदावर लिहून द्यावं लागतं की आम्ही अमुक अवघड हालचाल करणार. ती लिहिल्याप्रमाणे झाली नाही असं पंचांना दिसलं की त्या हालचालीचे गुण धाडकन खाली येतात. एका चुकीने आख्खं पदक जातं. अशा वेळी कोच धोका कमीत कमी ठेवणार. आठही शरीरं एकसारखी दिसावीत हा हिशेब करणार. आणि संघात पुरुष घ्यायचा म्हणजे एका मुलीची जागा जाणार, हेही खरंच. ती मुलगीही लहानपणापासून जिलेटिनचे केस धुत आलेली असते.

माझं मत विचाराल तर खोट नियमातच होती. पुरुषांसाठी खेळ खुला करायचा तर मिश्र दुहेरी आणायची, जिथे पुरुषाची जागा पक्की असते. तसं न करता 'वाटल्यास घ्या' म्हणायचं आणि ओझं एका कोचच्या डोक्यावर ठेवायचं. म्हणजे घरात सुनेला नोकरी करायला परवानगी आहे, फक्त स्वयंपाक, मुलं, सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून वेळ उरला तर. परवानगी दिल्याचं पुण्य पदरात, आणि प्रत्यक्षात काही बदलत नाही.

पॅरिसला अमेरिकेच्या मुलींनी कमाल केली. मायकल जॅक्सनच्या गाण्यावर पाण्यात उलट्या होऊन, पाय वर काढून 'मूनवॉक' केला, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. चीनने सुवर्ण नेलं, अमेरिकेने रौप्य. अमेरिकेला या खेळात वीस वर्षांनी मिळालेलं ते पदक होतं. मागचं २००४ सालचं, अथेन्सचं. तेव्हाही बिल बाहेर होता. अनिता अल्वारेझ मात्र या वेळी पदकाच्या चौथऱ्यावर उभी होती, बुडापेस्टच्या त्या दिवसानंतर दोन वर्षांनी.

आता मुलगेही येतात

अजून एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेपासून पुरुषांचा एकेरी प्रकारही सुरू झाला आहे. त्यात विशी-बाविशीतले मुलगे उतरतात. त्यांना खेळात यायला कुणाची खास परवानगी काढावी लागली नाही. पुरुष या खेळात काय करू शकतो हे बघायला त्यांच्यासमोर लहानपणापासून कुणीतरी होतं. बिलसमोर कुणीच नव्हतं.

मी भावाला कझानचा व्हिडिओ पाठवला. तो आता बेंगळुरूला नोकरी करतो. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला, "ताई, दुसऱ्यांदा बघतोय. पाण्याखाली असताना ते मात्रा कशा मोजत असतील गं?" मी लिहिलं, तुझ्यासारख्याच. त्याने हसायचा इमोजी टाकला. त्यावर आम्ही दोघंही आणखी काही बोललो नाही.

सांता क्लाराच्या त्या क्लबच्या नावात आता 'अ‍ॅक्वामेड्स' नाही. तो आता नुसताच 'सांता क्लारा आर्टिस्टिक स्विमिंग' म्हणून ओळखला जातो. किशोरवयात घर सोडून बिल ज्या क्लबात शिकायला आला, तिथेच पुढे तो कोच म्हणून काठावर उभा राहू लागला.